अभियांत्रिकीच्या तासाला नीतिमत्ता : एका सत्राच्या प्रकल्प नोंदी

८ जुलै

अभियांत्रिकी नीतिमत्ता आणि तंत्रज्ञानाचे सामाजिक परिणाम हा विषय या सत्रापासून स्वतंत्र पेपर म्हणून न शिकवता तांत्रिक विषयांच्या तासांमध्येच शिकवून पाहायचा, असे आम्ही ठरवले आहे. आजवरची पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. शेवटच्या वर्षाला आठवड्यातून एक तासिका असते. तीत उपयुक्ततावाद (कृती परिणामांवरून जोखणे) आणि कर्तव्यवाद (ती कर्तव्यावरून जोखणे) यांच्या व्याख्या व व्यावसायिक संघटनांच्या आचारसंहितांमधील कलमे सांगितली जातात आणि परीक्षेत त्यांवर टिपा लिहायला येतात. विद्यार्थी कलमे पाठ करतात, पेपर लिहितात आणि विसरतात. याचा दोष मी त्यांना देणार नाही, कारण ती कलमे ज्या निर्णयांविषयी बोलतात ते निर्णय कसे दिसतात हे त्यांना कोणी दाखवलेलेच नसते.

अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या १९८९ च्या वॉशिंग्टन करारातील देश पदवीधराच्या अपेक्षित गुणांमध्ये नीतिमत्ता आणि समाजाविषयीची जबाबदारी यांचा समावेश करतात. त्यामुळे विषय शिकवावा की नाही, हा वाद आता उरलेला नाही. तो कोठे बसवायचा एवढेच ठरवायचे आहे, आणि आमचे उत्तर असे की ज्या कागदावर निर्णय होतो त्या कागदापाशी तो शिकवावा : आकडेमोडीच्या वहीत, कारखान्याकडून आलेल्या रेखाचित्राच्या मंजुरीत, चाचणी अहवालात आणि संगणक प्रणालीच्या कोडमध्ये.

१५ जुलै

सहकाऱ्यांची बैठक झाली. आक्षेप दोन होते आणि दोन्ही रास्त होते. पहिला वेळेचा : अभ्यासक्रम आधीच भरगच्च आहे. दुसरा अधिकाराचा : ‘मी संरचना शिकवतो, तत्त्वज्ञान शिकवण्याचा मला काय अधिकार?’ पहिल्यावर तोडगा असा निघाला की वेगळा तास मागायचा नाही. ज्या आठवड्यात जो तांत्रिक भाग चालू असेल त्याचेच उदाहरण बदलायचे. दुसऱ्यावर असा, की तास तांत्रिक विषयाच्या शिक्षकानेच घ्यायचा, तत्त्वज्ञानाच्या सहकारी मॅडमनी तयारीत मदत करायची आणि चर्चेच्या वेळी वर्गात बसायचे. हार्वर्ड विद्यापीठाने संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात अशाच धर्तीवर तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांना सामावून घेतले आहे. आमच्याकडे मात्र वर्गाची सूत्रे अभियंत्याच्या हाती असावीत, असा माझा आग्रह राहिला. भाराचे गणित शिकवणाऱ्या व्यक्तीनेच ‘याला जबाबदार कोण?’ हा प्रश्न विचारला, तर तो गणिताचाच भाग आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

उदाहरणे निवडताना तीन अटी ठेवल्या : चौकशीचा अहवाल जाहीर असावा, तांत्रिक आशय त्या आठवड्याच्या पाठाशी जुळावा, आणि प्रसंगातला निदान एक निर्णय अशा पदावरच्या माणसाने घेतलेला असावा जेथे आमचा विद्यार्थी पाच-सात वर्षांत पोहोचेल. तिसरी अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कंपनीच्या अध्यक्षाने काय करायला हवे होते यावर विद्यार्थी तासभर बोलू शकतात आणि त्या बोलण्याची त्यांना काहीच किंमत मोजावी लागत नाही.

२९ जुलै

पहिला घटक : संरचना अभियांत्रिकी, विषय जोडांची रचना. १७ जुलै १९८१ रोजी अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथील हयात रीजन्सी हॉटेलच्या दिवाणखान्यावरचे दोन लटकते पदपथ कोसळले आणि ११४ माणसे मृत्युमुखी पडली. ही घटना अभियांत्रिकी नीतिमत्तेच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात असते. पण तिथे ती गोष्टीच्या रूपात येते. आम्ही ती गणिताच्या रूपात घेतली.

फळ्यावर मूळ आराखडा काढला. छतापासून निघालेली एकच लांब सळई चौथ्या मजल्याच्या पदपथातून आरपार जाऊन खाली दुसऱ्या मजल्याच्या पदपथापर्यंत पोहोचते. दोन्ही पदपथ त्याच सळईवर आपापल्या नटांनी अडकवलेले आहेत. मग शेजारी प्रत्यक्षात बांधलेली रचना काढली. पोलादकाम करणाऱ्या कारखान्याला एवढ्या लांब सळईवर आटे पाडणे गैरसोयीचे वाटले, म्हणून सळईचे दोन तुकडे झाले : एक छतापासून चौथ्या मजल्याच्या तुळईपर्यंत आणि दुसरा त्या तुळईपासून दुसऱ्या मजल्यापर्यंत. हा बदल दाखवणारी रेखाचित्रे अभियंत्यांच्या शिक्क्यानिशी मंजूर झाली.

विद्यार्थ्यांना एवढेच सांगितले, की चौथ्या मजल्याच्या तुळईखालच्या नटाची फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे त्यावर येणारी सर्व बले दाखवणारी आकृती, दोन्ही रचनांसाठी काढा. वर्ग काही मिनिटे खाली मान घालून काम करत होता. पहिल्या रचनेत नटावर एका पदपथाचा भार येतो, दुसरीत दोन्ही पदपथांचा. मागच्या बाकावरच्या एका मुलीने ते शेजारणीला असे समजावले : दोघे जण एकाच दोराला धरून लटकले तर प्रत्येकाच्या मुठीवर आपापलाच भार येतो, पण खालच्याने दोर सोडून वरच्याचे पाय धरले तर वरच्याच्या मुठीवर दोघांचा भार येतो. हे गणित दुसऱ्या वर्षाचा कोणताही विद्यार्थी करू शकतो, आणि नेमकी हीच गोष्ट वर्गाला अस्वस्थ करून गेली. ‘मग कुणी केलं का नाही?’ हा प्रश्न त्यांच्यातूनच आला.

इथून पुढे शिकवणे सोपे झाले. बदल सुचवणाऱ्याला वाटले की अभियंता तपासेल. शिक्का मारणाऱ्याला वाटले की जोडाचा तपशील कारखाना पाहील. फोनवर काय बोलणे झाले याविषयी दोन्ही बाजूंची म्हणणी पुढे वेगवेगळी निघाली. मिसूरी राज्याने दोन अभियंत्यांचे परवाने रद्द केले, आणि शिक्का मारणाऱ्याची जबाबदारी दुसऱ्याकडे सोपवता येत नाही हे त्या निकालातून स्पष्ट झाले. शिक्का म्हणजे नेमके कशाची हमी, या एका प्रश्नावर चर्चा तास संपल्यानंतरही चालू राहिली.

५ ऑगस्ट

मागील घटकाचा पुढचा भाग. चौकशीत असेही आढळले होते की मूळ एकसळई रचनासुद्धा स्थानिक बांधकाम नियमांनी मागितलेल्या भाराच्या सुमारे ६० टक्केच भार पेलू शकली असती. हे मुद्दाम आठवडाभर राखून ठेवले होते. सगळा दोष ‘बदल करणाऱ्या’वर टाकून मोकळे झालेल्या विद्यार्थ्यांना आपले मत पुन्हा मांडावे लागले, आणि दुसऱ्या खेपेची मांडणी पहिलीपेक्षा पुष्कळच सावध होती.

१९ ऑगस्ट

सांख्यिकीचा घटक. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी नष्ट झाले आणि सातही अंतराळवीर मरण पावले. आदल्या रात्री रॉकेटचे इंधन-विभाग बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीच्या अभियंत्यांनी ५३ अंश फॅरनहाइटखाली उड्डाण करू नये अशी शिफारस केली होती. व्यवस्थापनाने ती मागे घेतली.

विद्यार्थ्यांना आधी फक्त ज्या उड्डाणांत ओ-रिंगना, म्हणजे रॉकेटच्या विभागांमधले सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी कड्यांना, इजा झाली होती त्यांचे तापमान दिले आणि आलेख काढायला सांगितले. बिंदू इतके विखुरलेले आले की तापमानाशी काही संबंध आहे असे कोणी म्हणेना. मग ज्या उड्डाणांत काहीच झाले नव्हते ती उड्डाणे त्याच आलेखात भरायला सांगितली. चौकशी आयोगाने हेच दाखवून दिले होते : ६५ अंशांपेक्षा कमी तापमानाच्या चारही उड्डाणांत इजा झाली होती, तर त्याहून उबदार अशा २० उड्डाणांपैकी केवळ तिनांत. ‘काही बिघडले नाही’ ही नोंदसुद्धा माहितीच असते आणि ती वगळणे हा निर्णय असतो, हे त्यांनी स्वतःच्या हाताने पाहिले.

दुसऱ्या भागात वर्गाचे दोन गट करून उड्डाणाच्या बाजूने बोलण्याचे काम सर्वांत ठाम विरोधकांना दिले. हे कठीण गेले, पण आवश्यक होते. वेळापत्रकाचा दबाव, अपुरा पुरावा, आधीच्या यशस्वी उड्डाणांचा दिलासा ही कारणे तोंडून प्रामाणिकपणे मांडल्याशिवाय हुशार माणसे चुकीच्या निर्णयापर्यंत कशी पोहोचतात हे कळत नाही.

२ सप्टेंबर

संगणक प्रात्यक्षिक. थेरॅक-२५ हे कर्करोगावरील किरणोपचाराचे यंत्र. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात त्यातून सहा रुग्णांना प्रचंड प्रमाणात अतिरिक्त मात्रा दिली गेली आणि त्यांतील काहींचा मृत्यू झाला.

आम्ही त्यातला एकच दोष उचलला. यंत्राची मांडणी बरोबर आहे का, हे तपासायचे की नाही याचा निर्णय एका बाइटच्या चलावर अवलंबून होता. चल शून्य नसेल तर तपासणी व्हायची. प्रत्येक फेरीत त्या चलात एक मिळवला जात असे. एका बाइटमध्ये २५५ पर्यंतच आकडा मावतो. त्यामुळे २५६ व्या फेरीला चल पुन्हा शून्य होई आणि तपासणी वगळली जाई. नेमक्या त्या क्षणी यंत्रचालकाने कळ दाबली, तर संरक्षक भाग जागेवर नसतानाही पूर्ण शक्तीचा झोत सुटे. विद्यार्थ्यांनी हा भाग स्वतः लिहिला आणि फेऱ्या चालवल्या. पडद्यावर ‘तपासणी पूर्ण’च्या ओळी एकामागून एक सरकत राहिल्या आणि मध्येच एक ओळ आलीच नाही. बऱ्याच जणांच्या ते लक्षातही आले नाही. त्यांना नोंदपट मागे नेऊन दाखवावे लागले. दुरुस्ती एका ओळीची आहे : एक मिळवण्याऐवजी चलात शून्येतर ठरावीक किंमत ठेवायची.

इथे थांबलो असतो तर तो प्रोग्रामिंगचाच धडा झाला असता आणि दोष ‘तो कोड लिहिणाऱ्या माणसाचा’ ठरला असता. म्हणून बाकीचे चित्र समोर ठेवले. आधीच्या थेरॅक-२० मध्ये स्वतंत्र यांत्रिक अडसर होते; नव्या यंत्रात सुरक्षिततेचे काम बहुतांशी सॉफ्टवेअरवर सोपवण्यात आले. १९८३ च्या सुरक्षा विश्लेषणात सॉफ्टवेअरमधील दोष धरलेच नव्हते. यंत्र बिघाडाचे जे संदेश दाखवी ते केवळ क्रमांक होते, ‘मालफंक्शन ५४’ असे, आणि ते इतक्या वेळा येत की चालक कळ दाबून पुढे जाण्यास सरावले होते. रुग्णालयांकडून तक्रारी आल्यावर असे होणे शक्यच नाही, असे उत्तर मिळाले. विद्यार्थ्यांना विचारले : या साखळीतला कोणता दुवा तुम्ही नोकरीच्या पहिल्या वर्षात असता तर तुमच्या हातात असता? बहुतेकांनी बिघाडाच्या संदेशाकडे बोट दाखवले. संदेश लिहिणे हे काम नवख्यालाच मिळते, आणि त्या संदेशावर विसंबून कोणी तरी रुग्णावर झोत सोडणार असते.

९ सप्टेंबर

तत्त्वज्ञानाच्या मॅडमनी एक व्याख्यान दिले. परिणाम पाहून ठरवायचे की कर्तव्य पाहून, हा वाद त्यांनी आतापर्यंतच्या तीन उदाहरणांवर लावून दाखवला. उदाहरणे आधी आणि संज्ञा नंतर, हा क्रम फार उपयोगी पडला. विद्यार्थी संज्ञा उचलून लगेच वापरू लागले. जनतेची सुरक्षितता, आरोग्य आणि कल्याण यांना अग्रस्थान देणारे कलमही आजच प्रथम वाचले. ते या वेळी कोणाला पुस्तकी वाटले नाही.

२३ सप्टेंबर

यंत्र-शिक्षणाचा (मशीन लर्निंगचा) घटक. जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू या संशोधकांचा २०१८ चा अभ्यास घेतला. चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली त्यांनी तपासल्या होत्या. उजळ वर्णाच्या पुरुषांबाबत चुकांचे प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के होते, तर सावळ्या वर्णाच्या स्त्रियांबाबत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले होते.

प्रात्यक्षिकासाठी विद्यार्थ्यांना एक छोटा डेटा संच दिला आणि अचूकतेचा एकच एकूण आकडा काढायला सांगितला. तो चांगला आला. मग तोच आकडा गटवार काढायला लावला, आणि एका गटासाठी तो कोसळला. ‘सर, सरासरी तर बरोबरच होती,’ असे एक जण म्हणाला. सरासरी बरोबर होती हे खरेच आहे. ज्याच्या वाट्याला चूक येते त्याला सरासरीचा उपयोग नसतो, हेही तितकेच खरे आहे. गटवार आकडे अहवालात द्यायचे की नाही हे अहवाल लिहिणारा अभियंता ठरवतो. वरिष्ठाने मागितले नसले तरी ते देण्यास त्याला कोणी अडवलेले नसते. या प्रात्यक्षिकापासून गटवार तक्ता जोडल्याशिवाय अहवाल स्वीकारायचा नाही, असा नियम संगणक विभागाने केला आहे.

७ ऑक्टोबर

आतापर्यंतच्या सर्व उदाहरणांत काहीतरी मोडले, चुकले किंवा लपवले गेले होते. सामाजिक परिणामांचा विषय अशा उदाहरणांनी पुरा होत नाही, कारण उत्तम चालणारे तंत्रज्ञानही समाजाची घडी बदलते. म्हणून यंत्ररचनेच्या वर्गात टोमॅटो तोडणी यंत्र घेतले.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी हे यंत्र आणि त्याच्या माराला टिकेल असे कडक टोमॅटोचे वाण, दोन्ही विकसित केली. १९६० च्या दशकात त्याचा प्रसार झाला. उत्पादन वाढले, कंबर मोडणारे काम कमी झाले. त्याच वेळी त्या राज्यातील टोमॅटो उत्पादकांची संख्या १९६० च्या दशकाच्या सुरुवातीच्या सुमारे ४,००० वरून १९७३ पर्यंत सुमारे ६०० वर आली आणि हजारो मजुरांचे काम गेले. १९७९ मध्ये शेतमजुरांच्या बाजूने विद्यापीठावर खटला भरण्यात आला. सार्वजनिक पैशातून झालेल्या संशोधनाचा लाभ मूठभरांनाच मिळाला, हा त्यातला मुद्दा होता.

कोणी वाईट हेतूने वागले नव्हते, त्यामुळे वर्ग सुरुवातीला गोंधळला. ‘इथे चूक कुठे आहे?’ असे विचारत राहिला. मग एका गटाने यंत्राची किंमत, तासाला होणारी तोडणी आणि हंगामाचे दिवस धरून किमान किती क्षेत्र असेल तर यंत्र परवडेल याचे गणित मांडले. यंत्राची क्षमता हा आराखड्यातला साधा आकडा; पण तो ठरवला की कोणाच्या शेताला यंत्र परवडणार आणि कोणाच्या नाही हेही ठरून जाते. गटाने क्षमता निम्मी करून पाहिली, अनेकांनी मिळून एक यंत्र वापरण्याचा हिशेबही केला. काही पर्याय तोट्यात गेले आणि तसे त्यांनी स्पष्ट लिहिले. हा पर्याय तपासला होता आणि तो का टिकला नाही, असे लिहून ठेवणे आणि तो कधी विचारातच न घेणे यांत मला फार मोठे अंतर दिसते. या सत्रातील सर्वांत समाधानकारक काम मी याच गटाचे मानतो.

२१ ऑक्टोबर

हरकत कशी घ्यावी, हा घटक. अन्याय ओळखता येणे आणि त्याविरुद्ध नोकरीत राहून बोलता येणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, आणि दुसरे आपण जवळजवळ कधीच शिकवत नाही. फोक्सवॅगन प्रकरण इंजिन प्रयोगशाळेत घेतले. गाडी प्रयोगशाळेतील चाचणीत आहे की रस्त्यावर, हे ओळखून उत्सर्जन नियंत्रण बदलणारे सॉफ्टवेअर कंपनीने डिझेल गाड्यांत बसवले होते. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण यंत्रणेने ते जाहीर केले. जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांमध्ये ते होते. या प्रकरणी एका अभियंत्याला अमेरिकन न्यायालयाने २०१७ मध्ये ४० महिन्यांची कैद सुनावली. ‘वरून आदेश होता’ या सबबीवर विद्यार्थ्यांचा जो विश्वास असतो तो इथे ढळतो.

प्रत्येकाला वरिष्ठांना उद्देशून एका पानाचे हरकतपत्र लिहायला सांगितले. पहिल्या मसुद्यांत बहुतेकांनी ‘मला हे योग्य वाटत नाही’ अशा स्वरूपाची वाक्ये लिहिली. त्यावर चर्चा करून दुसरा मसुदा मागितला : मर्यादा किती, मोजलेला आकडा किती, तो कोणत्या परिस्थितीत मोजला, तसेच पुढे गेल्यास कोणावर काय परिणाम होईल, माझा पर्याय काय आणि मला उत्तर कोणत्या तारखेपर्यंत हवे. एका विद्यार्थ्याने दुसऱ्या मसुद्यात भावनेचे एकही वाक्य ठेवले नव्हते, आणि ते पत्र वाचून नाकारणे कोणत्याही व्यवस्थापकाला जड गेले असते.

लेखी हरकतीने प्रश्न सुटतोच असे नाही, हेही सांगितले. थायोकॉलचे अभियंते रॉजर बॉइसजॉली यांनी ओ-रिंगविषयी जुलै १९८५ मध्येच लेखी इशारा दिला होता. तरीही चॅलेंजरचे उड्डाण झाले. मात्र तो कागद होता म्हणूनच चौकशीला सत्यापर्यंत पोहोचणे सोपे गेले.

४ नोव्हेंबर

मूल्यमापनाचे निकष ठरवले. विद्यार्थ्याच्या मताला गुण द्यायचे नाहीत, यावर सर्वांचे एकमत झाले. नाहीतर ते शिक्षकाला आवडेल तेच लिहितात. गुण युक्तिवादाला : निर्णयाची नेमकी जागा दाखवली आहे का, चर्चेत हजर नसलेल्या माणसांचा विचार झाला आहे का, पर्याय आकड्यांसह तपासले आहेत का, आणि विरुद्ध बाजू तिच्या सर्वांत भक्कम स्वरूपात मांडली आहे का. उत्तरपत्रिका दोन परीक्षक स्वतंत्रपणे तपासतील, त्यांतील एक तांत्रिक विषयाचा असेल.

१८ नोव्हेंबर

अंतिम वर्षाच्या प्रकल्पांचे सादरीकरण. चेहरा ओळखून हजेरी घेणाऱ्या प्रणालीच्या गटाने मंद प्रकाशात आणि वेगवेगळ्या वर्णांच्या चेहऱ्यांवर घेतलेल्या चाचण्यांचा गटवार तक्ता आपणहून जोडला होता. प्रणालीने ओळखले नाही तर विद्यार्थ्याने दाद कोठे मागायची याचीही सोय केली होती. पंपाच्या स्वयंचलित नियंत्रकावर काम करणाऱ्या गटाने ‘सामाजिक परिणाम : लागू नाही’ असे लिहिले होते. त्यांच्या मार्गदर्शकांनी एवढेच विचारले, की सेन्सर बंद पडेल तेव्हा पंपाशेजारी कोण उभे असेल? गट आराखडा घेऊन परत गेला आणि दोन दिवसांनी हाताने बंद करता येणारा स्वतंत्र खटका घालून आला.

२ डिसेंबर

पुढील सत्रासाठीचे निर्णय. हयात आणि थेरॅकचे घटक जसेच्या तसे राहतील. टोमॅटो यंत्राला दोन तासिका मिळतील. एका तासिकेत गणित आणि चर्चा दोन्ही मावत नाहीत. हरकतपत्राचा घटक सत्राच्या मध्यावर आणायचा, म्हणजे नंतरच्या प्रत्येक प्रात्यक्षिकात विद्यार्थ्यांना तो वापरता येईल.

नियंत्रण प्रणालीच्या सहकाऱ्यांनी बोइंग ७३७ मॅक्सचा घटक तयार करण्याचे मान्य केले आहे. ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ मधील दोन अपघातांत मिळून ३४६ माणसे मरण पावली. विमानाचे नाक आपोआप खाली दाबणारी प्रणाली एका वेळी, समोरून येणाऱ्या हवेशी विमानाचा कोन मोजणाऱ्या, एकाच सेन्सरवर विसंबून होती. विद्यार्थ्यांना त्या प्रणालीची ब्लॉक आकृती देऊन, सेन्सरने चुकीचे वाचन दिले तर पुढे काय घडेल याचे विश्लेषण आधी करायला सांगायचे, आणि वैमानिकांना या प्रणालीविषयी किती माहिती देण्यात आली होती हा भाग त्यानंतरच उघड करायचा, असा क्रम ठरला आहे. आकृतीचा पहिला मसुदा जानेवारीच्या बैठकीत येईल.